डीएनएच्या नादात आपली फ्रेरिया गेली, पटतंय का तुम्हाला?

गडवाट्या:
परवा शिवनेरीच्या कड्यावरच्या शिंदळ माकुडीचा फोटो टाकला, लाल चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळे ठिपके, आणि खाली लिहिलं फ्रेरिया इंडिका. लगेच एकाने टोकलं, म्हणे फ्रेरिया आता राहिली नाही, जीन्स तपासले तर ती बुसेरोशिया या जीनसमध्ये (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) निघाली. अरे काय चाललंय काय! जगात एकच जात असलेला जीनस, तोही फक्त आपल्या सह्याद्रीत, त्या सगळ्या बोडक्या मांसल खोडवाल्या भावकीत हिलाच काय ती पावसाळ्यात चांगली रुंद पानं येतात, आणि एसीत बसून कोणीतरी ठरवणार की ही वेगळी नाहीच? मग डोळ्यांनी दिसतं ते काय खोटं?

मायक्रोपिपेट:
आधी एक दुरुस्ती, डीएनएवर खापर फोडू नका. वनस्पतिशास्त्रज्ञ रौलीने १९५८ सालीच हिला कॅराल्युमा नावाच्या दुसऱ्या जीनसमध्ये टाकलं होतं, तेव्हा कुठलं आलंय जीन्स वाचायचं सिक्वेन्सिंग. जीन्स वाचले ते नंतर, आणि त्यात दिसलं की हिची सख्खी भावंडं म्हणजे दक्षिणेतल्या कोरड्या माळांवरच्या बिनपानांच्या बुसेरोशिया. मला तर यातच खरी गंमत वाटते. बिनपानांच्या घरात जन्मलेली ही एकटी पोर पानं घेऊन उभी आहे, म्हणजे बहुतेक गेलेली पानं हिने परत मिळवली, पावसाळ्यात कड्यावर चार महिने पाणी मिळतं तेव्हा ती परवडतात आणि उन्हाळ्यात गाळून टाकता येतात. वेगळा जीनस म्हणून काचेच्या कपाटात ठेवली असती तर हा प्रश्नसुद्धा कोणाला पडला नसता.

गडवाट्या:
१९५८ चं मान्य, माहीत नव्हतं. पण मग हे थांबणार कुठे? २०१७ ला ब्रॉइन्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर हा सगळा गोतावळाच खरचुडीच्या सेरोपेजिया जीनसमध्ये घातला, म्हणजे खरचुडीचं कंदिलासारखं फूल आणि माकुडीची चांदणी आता एकाच घरात. उद्या वनखात्याला सांगायचं कसं की हे झाड खास आहे? ‘एकमेव जीनस’ म्हटलं की साहेब फाईल उघडून तरी बघतात.

सदाफुली:
मला नावाची गंमत वाटते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८६५ च्या सुमाराला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याच्या नावाने फ्रेरिया केलं. पुढे कॅराल्युमात नेताना ‘इंडिका’ हे नाव तिथे आधीच दुसरंच एक झाड अडवून बसलेलं, म्हणून हिचं झालं ‘फ्रेरेई’. म्हणजे इंडिका गेलं आणि गव्हर्नर राहिला! याच्यावर भांडा की 😄

जुन्नरकर:
तुमचं नावाचं चालू द्या. आमच्याकडे शेळ्या खातात, उन्हाळ्यात वणवा लागतो, आणि पुण्या-मुंबईचे हौशी लोक फांद्या मोडून पिशवीतून नेतात, हे मी स्वतः बघितलंय. त्या जीन्स वाचायच्या मशिनच्या पैशात चार राखणदार ठेवा की.

मायक्रोपिपेट:
राखणदार पाहिजेतच, त्यावर वाद नाही. पण वाचवायचं म्हणून जे लागवड करतात त्यांचं काय? ही फांदीवरून सहज येते, म्हणून नर्सरीतल्या शंभर कुंड्या म्हणजे एकाच झाडाच्या शंभर नकला असू शकतात, दिसायला हिरवंगार आणि आतून एकच जीव. कोणत्या कड्यावरची झाडं खरंच वेगळी आहेत हे डोळ्याने कळतच नाही, त्याला जीन्सच बघावे लागतात. त्यासाठी लागतं किती, तर एक पान, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवलेलं. शेळी त्याहून जास्त खाते.

जुन्नरकर:
हे आधी बोलला असता तर. आम्हाला नेहमी नाव बदललं एवढंच ऐकू येतं.

गडवाट्या:
मी अजूनही फ्रेरियाच म्हणणार. पण तो नकलांचा मुद्दा डोक्यात बसलाय, कारण माझ्या बाल्कनीत एक कुंडी आहे, मित्राने दिलेली फांदी, कुठल्या गडावरची ते त्यालाही आठवत नाही. पावसाळ्यात गडावर नेऊन लावायचं ठरवलं होतं.

मायक्रोपिपेट:
नका लावू. बाल्कनीतच फुलू दे.