बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे एका दिवसात : क्रम कसा ठेवावा?

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही चार मित्र पुण्याहून मोटारीने हंपीला जाणार असून वाटेत बदामीला दोन रात्री मुक्काम आहे, म्हणजे आसपासचे पाहण्यासाठी पूर्ण दिवस एकच हाती येतो. पट्टदकल बदामीपासून साधारण २२ किलोमीटर आणि ऐहोळे त्याच्याही पुढे असल्यामुळे सकाळी आधी ऐहोळे गाठावे, परतताना पट्टदकल पाहावे आणि ऊन कलताना बदामीच्या लेण्यांत पोहोचावे, असा माझा विचार आहे. तांबड्या वालुकाश्मावर पडलेले तिरपे ऊन मला पाहायचेच आहे. हा क्रम जमेल का?

ऐहोळ्याला मेगुटीची टेकडी मात्र मी सोडणार नाही. दुसऱ्या पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हणणारा, इ. स. ६३४चा रविकीर्तीचा शिलालेख तिथल्या मंदिराच्या भिंतीत आहे आणि तो प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा फार जुनी आहे. आमच्यातील एकाच्या गुडघ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे. त्याला ती चढण झेपेल, की त्याने खाली दुर्ग मंदिरापाशीच थांबावे?

दुपारच्या जेवणासाठी बनशंकरीच्या देवळापाशी बायका विकतात ती ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सकाळीच बांधून घेता येईल का? नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.