फोटोंची लायब्ररी उघडत नाही तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

— ठाणे

वडिलांच्या पंच्याहत्तरीला पडद्यावर घरचे जुने फोटो दाखवायचे ठरले होते. कार्यक्रम रविवारी. गुरुवारी रात्री मॅकवरच्या ‘फोटोज’ प्रोग्रॅमची लायब्ररी उघडली तर नुसते राखाडी चौकोन, एकेक फोटो दिसायला अर्धा-अर्धा मिनिट. शुक्रवारी सकाळी तर ती उघडेचना. ३८,००० फोटो, साधारण १६५ जीबी, आणि त्यात आईची शेवटची चार वर्षं. आई आता नाही. माझे हातपाय गार पडले.

सगळं परत मिळालं. पण त्या तीन दिवसांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर एवढी घालमेल झाली नसती, म्हणून हा धागा काढते आहे.

मॅकवर ही लायब्ररी ‘पिक्चर्स’ फोल्डरमध्ये एकच फाइल असल्यासारखी दिसते. तिच्यावर राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कन्टेन्ट्स’ म्हटलं की आतलं घर दिसतं: ‘ओरिजिनल्स’मध्ये मूळ फोटो, ‘डेटाबेस’मध्ये त्यांची नोंदवही, आणि वेगळ्या जागी पटकन दाखवायच्या छोट्या प्रतिमा. माझे मूळ फोटो जागच्या जागी होते, बिघडली होती ती नोंदवही. हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा जीवात जीव आला. (आत फक्त पाहायचं. एक फाइल जरी हलवली तरी नोंद आणि फोटो यांची ताटातूट होते.)

कारण अगदी साधं होतं. २५६ जीबीच्या डिस्कवर जेमतेम ३ जीबी जागा उरली होती. नोंदवहीत काहीही लिहायचं तर प्रोग्रॅमला मोकळी जागा लागते, आणि ती मी कित्येक महिने दिलीच नव्हती. मग घरातली बाहेरून जोडायची डिस्क काढली, लायब्ररी त्यावर कॉपी केली, तर तिथूनही उघडेना. ती डिस्क नवऱ्याच्या विंडोज लॅपटॉपलाही चालावी म्हणून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. फोटोजची लायब्ररी ठेवायची तर डिस्क एपीएफएस किंवा ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ असावी लागते. शुक्रवारी नवी डिस्क आणली, एपीएफएस केली, पुन्हा कॉपी. मग ऑप्शन आणि कमांड या दोन्ही कळा दाबून धरून फोटोज उघडलं की ‘लायब्ररी दुरुस्त करायची का’ असं विचारतं, तिथे हो म्हटलं. जवळजवळ चार तास लागले. मध्ये एका आकड्यावर तासभर अडकल्यासारखं वाटलं, पण मी बंद केलं नाही. शनिवारी संध्याकाळी आई दिसली.

तुमच्याकडे काय झालं, कशाने सुटलं, काय सुटलंच नाही, तेही लिहा.

— तासगाव

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचा लग्नाच्या फोटोंचा धंदा. एका लग्नाचे दोन-अडीच हजार रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो असतात, आणि वैशाखात दिवसाआड एक लग्न. मी लाइटरूम क्लासिक हा फोटो सुधारायचा प्रोग्रॅम वापरतो. त्यातबी तुम्ही म्हणता तसंच आहे: कॅटलॉग म्हणजे नोंदवही, रॉ फोटो वेगळीकडं. फोटोवर केलेली कलाकुसर, म्हणजे उजेड, रंग, कातरणं, समदं त्या कॅटलॉगमध्ये. फोटो राहिले आन् कॅटलॉग गेला तर महिन्याची मेहनत गेली.

मागल्या वर्षी काम चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दमलेली होती, ते मला माहीत होतं, बदलायची राहिली होती. लाइट आल्यावर कॅटलॉग उघडंना. म्हणतोय, दुसरीकडं उघडा आहे. कॅटलॉगच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘लॉक’ लिहिलेली बारकी फाइल असते. प्रोग्रॅम उघडताना ती बनते आन् बंद करताना जाते. लाइट गेल्यामुळं ती तशीच राहिली होती. प्रोग्रॅम खरंच बंद आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, लॉक फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली, कॅटलॉग उघडला.

पर एक सांगतो, आन् हे ध्यानात ठेवा. तिथंच ‘डब्ल्यूएएल’ नावानं संपणारी फाइलबी असू शकते. तिला हात लावायचा न्हाई. कॅटलॉगमध्ये अजून चढवायच्या राहिलेल्या नोंदी तिच्यात असतात. माझ्या एका मित्रानं साफसफाई म्हणून तीपण उडवली आन् त्याची शेवटची कामं गेली.

वेगाचं म्हणाल तर माझं गाडं आधी समदं एकाच फिरत्या हार्डडिस्कवर होतं. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क एका फेरीला ११ मिलिसेकंद घेते. एक मोठा फोटो वाचायला ते काहीच न्हाई, पर हजार बारक्या प्रतिमा हजार ठिकाणनं उचलायच्या म्हटल्यावर तिची दमछाक होते. कॅटलॉग आन् प्रीव्ह्यू, म्हणजे त्या बारक्या प्रतिमा, एसएसडीवर (न फिरणाऱ्या डिस्कवर) आणले, रॉ फोटो हार्डडिस्कवरच ठेवले. खर्च एका लहान एसएसडीचा, आन् फरक असा की गिऱ्हाईक शेजारी बसवून फोटो निवडता येतात. बंद करताना बॅकअप विचारतं तेव्हा आता मी ‘नंतर’ म्हणत न्हाई.

— वाई

आम्ही पाच-सहा जण सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून वीरगळ, सतीशिळा आणि शिलालेखांचे फोटो काढतो. उजेड तिरपा असताना एकाच दगडाचे आठ-दहा फोटो घ्यावे लागतात, नाहीतर अक्षरं वाचता येत नाहीत. त्यामुळे संग्रह ४०,००० च्या पुढे गेला आहे. प्रत्येक फोटोला गाव, देवळाचं नाव, दगडाची जागा असे टॅग आहेत. काही दगड आता जागेवर नाहीत, देवळाच्या जीर्णोद्धारात फरशीखाली गेले. म्हणून हे फोटो उघडणं आम्हाला फार महत्त्वाचं.

आम्ही लिनक्सवर डिजिकॅम हा फोटो लावून ठेवायचा प्रोग्रॅम वापरतो. सगळ्यांना दिसावं म्हणून फोटो घरच्या नेटवर्कवरच्या साठवणीत ठेवले आणि त्याबरोबर डिजिकॅमचा डेटाबेसही तिथेच ठेवला. चूक झाली ती इथे. डिजिकॅमचा नेहमीचा डेटाबेस एसक्यूलाइटचा असतो आणि तो स्वतःच्या संगणकावरच्या डिस्कसाठी आहे. नेटवर्कवरून दोघांनी एकदम लिहिलं की, एका वेळी एकानेच लिहावं म्हणून फाइलला जे कुलूप लागतं, ते नीट लागत नाही. आधी उघडायला सात-आठ मिनिटं लागू लागली, मग एके दिवशी टॅग अर्धेच दिसू लागले.

‘प्रॅग्मा इंटिग्रिटी चेक’ या आज्ञेने एसक्यूलाइट स्वतःच आपल्या फाइलची तपासणी करतं. तिथे चुकांची यादी आली. महिनाभरापूर्वीची प्रत होती, ती घेतली आणि मधले टॅग पुन्हा घातले. आमच्यातल्या एका काकांच्या वहीत सगळं हातानं लिहिलेलं होतं, त्यावरून ते झालं. आता डेटाबेस एकाच संगणकाच्या एसएसडीवर आहे, फोटो नेटवर्कवर. सुरुवातीलाच नवे फोटो शोधत बसण्याची सेटिंग बंद केली, ते काम आठवड्यातून एकदा आम्ही सांगू तेव्हा होतं. आणि टॅग फोटोच्या फाइलमध्येही लिहिले जातील अशी खूण केली. नोंदवही उद्या पूर्ण गेली तरी कुठल्या गावचा दगड ते फोटोच सांगेल.

— न्यू जर्सी

वाईकरांचा शेवटचा मुद्दा मला फार उशिरा कळला. आम्ही २००७ पासून गूगलच्या पिकासा या फोटोंच्या प्रोग्रॅमवर होतो. सासरमाहेरच्या दोनशे माणसांचे चेहरे ओळखून नावं घातली होती, आजेसासूबाईंना शेजारी बसवून. कोण कुणाची चुलतबहीण हे सांगणारं आता कुणी नाही. २०१६ मध्ये पिकासा बंद झालं, तरी जुन्या लॅपटॉपवर चालत होतं. लॅपटॉप बदलताना मी फोटोंचे फोल्डर तेवढे आणले. नव्यावर फोटो सगळे, नावं गायब.

जुना लॅपटॉप टाकला नव्हता म्हणून निभावलं. पिकासाची नोंदवही फोटोंजवळ नव्हतीच, ती विंडोजच्या ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात होती. जुन्यावरच पिकासा उघडून ‘नावं फोटोतच साठवा’ ही सेटिंग चालू केली आणि ती सगळी नावं फाइलींमध्ये उतरेपर्यंत तीन रात्री लॅपटॉप चालू ठेवला. मग फोटो पुन्हा आणले. त्या दोनशे जणांपैकी कुणी हरवलं नाही.

— छत्रपती संभाजीनगर

माझं छोटंसंच आहे. मामांनी आयफोनवरून दिलेले फोटो माझ्या विंडोज लॅपटॉपवर उघडत नव्हते, मला वाटलं खराब झाले. ते एचईआयसी प्रकारचे होते. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन तसे काढतो. विंडोजच्या स्टोअरमधून एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स घेतल्यावर उघडले. फोटोज अ‍ॅपच गुदमरत असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे फोटोज, पुढे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधी ‘रिपेअर’ करा, त्याने नाही झालं तरच ‘रीसेट’.

— नाशिक

मी निवृत्त शिक्षिका. तुमच्यासारखं संगणकाचं नाही, माझं फोनचंच आहे, पण लिहिते.

गॅलरी उघडायला इतका वेळ लागायचा की मी फोन ठेवून देवपूजा करून यायचे. नातवाने पाहिलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ मिळून २१ जीबी. फोन ६४ जीबीचा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मधून मोठे व्हिडिओ काढले आणि गटांमधले फोटो गॅलरीत दिसू नयेत अशी सेटिंग केली. फोन हलका झाला.

पण खरं दुःख निराळंच आहे. मी नर्मदा परिक्रमा केली. जागा पुरावी म्हणून निघण्याआधी रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून १२८ जीबीचं मेमरी कार्ड घेतलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. सुरुवातीचे फोटो दिसतात. पुढचे सगळे राखाडी चौकोन, खाली फक्त तारीख. नातवाने एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रॅमने तसंच दुसरं कार्ड तपासलं, त्या विक्रेत्याकडूनच दोन घेतली होती. १२८ लिहिलेल्या कार्डात खरी जागा ८ जीबी निघाली. त्याच्या पुढे लिहिलेलं कुठेच साठत नाही. नेमावर हे गाव आणि पुढचा सगळा उत्तर तट माझ्याकडे नाही. सोबतच्या दोन बायकांनी त्यांच्याकडचे फोटो पाठवले, त्यात मी कुठे पाठमोरी, कुठे काठी टेकून बसलेली आहे. तेवढे आहेत.

नवं कार्ड घ्याल तर आधी रिकामं असतानाच तपासून घ्या. परत आल्यावर तपासून काही हाती लागत नाही.

— मालवण

बाई, तुमचं वाचून गप्प बसवेना. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे.

सगळ्यांना एक विनंती. लायब्ररी अडकली की माणूस पहिल्यांदा ‘रिपेअर’ दाबतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या काहींची डिस्कच मरायला टेकलेली असते. रिपेअर म्हणजे तासन्‌तास लिहिणं-वाचणं, आणि आजारी डिस्कला तेच सोसत नाही. म्हणून आधी कान लावा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिथेच बंद करा. आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागा) यांचे आकडे वाढत असतील तर दुरुस्ती विसरा, आधी प्रत काढा. मी त्यासाठी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरतो. जे सहज वाचता येतं ते आधी उचलून ठेवतं आणि हट्टी भागाकडे शेवटी वळतं. मग दुरुस्तीचे जे प्रयोग करायचे ते प्रतीवर.

केबलही बघा. एका काकांची लायब्ररी उघडायला पंधरा मिनिटं लागत होती, नवा संगणक घ्यायला निघाले होते. डिस्क यूएसबी ३ ची, पण जोडली होती मागच्या यूएसबी २ च्या भोकात. तिथे वेगाची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३ ला ५ गिगाबिट. बऱ्याच संगणकांवर यूएसबी ३ चं भोक निळं असतं. जागा बदलली, काम झालं. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

बाई, एक विचारतो. परिक्रमेचं ते कार्ड अजून फोनमध्येच आहे का? असेल तर आत्ता काढा. त्यावर नवा एकही फोटो जाऊ देऊ नका आणि फोनने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर नाही म्हणा. ८ जीबीच्या पुढचं मिळणार नाही, खोटी आशा देत नाही. पण काही कार्डं भरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लिहू लागतात, त्यामुळे त्या ८ जीबीत काही उशिराचे फोटोही असू शकतात. ते गॅलरीला दिसत नाहीत, कारण नोंद दुसरीकडे बोट दाखवते. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम नोंदी बघतच नाही, कार्डावर जे सापडेल त्यातून फोटोच्या खुणा ओळखून फाइल उचलतो. नातवाला सांगा, सापडलेले फोटो त्याच कार्डावर नाही, संगणकावर साठवायचे.

— नाशिक

दादा, कार्ड काढलं. पाकिटात घालून वर ‘वापरू नये’ लिहून देवघरातल्या कपाटात ठेवलं आहे. नातू शनिवारी पुण्याहून येतो आहे. तुमचा मजकूर त्याला पाठवला. त्याने विचारलंय, फोटोरेकला कार्ड फोनमधूनच जोडलं तर चालेल का, की कार्ड रीडर लागेल?

— मालवण

कार्ड रीडरच. फोनमधून जोडलं तर संगणकाला पूर्ण कार्ड दिसत नाही, फक्त फाइली दिसतात. साधा रीडर चालतो. शनिवारी अडलं तर इथेच लिहा, मी दुकानात रात्री नऊपर्यंत असतो.