न भरणाऱ्या जखमेवर अंगावर बांधायचे विद्युतचुंबकीय उपकरण वापरावे का?

सायली_७ : माझ्या आईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची जखम चौदा महिने भरलेली नाही. व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे फुगलेल्या शिरांमुळे झालेला व्रण, असे निदान आहे. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग होते. कडा गुलाबी होऊ लागल्या की आम्हांला आशा वाटते आणि चार दिवसांत तळाशी पुन्हा पिवळट थर साचतो. घट्ट पट्टी तिला सहन होत नाही, म्हणून वरून साधीच गुंडाळतो. आता एका विक्रेत्याने पातळ तारेचे कडे आणि लहानशी बॅटरी असलेले उपकरण सुचवले आहे. ते ड्रेसिंगवरूनच बांधून रात्रभर ठेवायचे असते. ‘पेशी चार्ज होतात’ एवढेच स्पष्टीकरण मिळाले. यात काही तथ्य आहे का?

तारयंत्र : मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, विद्युत अभियंता आहे, त्यामुळे यंत्रापुरतेच लिहितो. ‘पेशी चार्ज होतात’ हे वाक्य निरर्थक असले तरी मूळ कल्पना भोंदूपणाची नाही. त्वचेला इजा झाली की तिथे अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतो, हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ यांनी 1843 मध्ये स्वतःच्या कापलेल्या बोटावर मोजले होते. बदलते चुंबकीय क्षेत्र ऊतींमध्ये असाच सूक्ष्म प्रवाह निर्माण करू शकते आणि कापसातून, पट्टीतून ते सहज पार जाते, म्हणून जखमेला इलेक्ट्रोड चिकटवावे लागत नाहीत. या प्रकारची बरीच उपकरणे 27.12 मेगाहर्ट्झच्या लहरी तुटक स्पंदांत सोडतात. स्थिर लोहचुंबक शिवलेले पट्टे मात्र यात धरू नयेत. क्षेत्र बदलत नसेल तर स्थिर ठेवलेल्या पायात प्रवाह निर्माण होत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे कड्यापासून दूर जाताना क्षेत्र झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे झोपेत ते घोट्यावरून पोटरीकडे सरकले तर रात्र फुकट गेली असे समजावे.

मलमपट्टी : मी बरीच वर्षे जखमांच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिका आहे. सायलीताई, आपल्या प्रश्नातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाक्य उपकरणाबद्दलचे नाही, ‘साधीच गुंडाळतो’ हे आहे. शिरांमधला दाब वाढल्यामुळे झालेल्या व्रणावर पट्टीचा दाब हाच मुख्य उपचार असतो. घोट्यापाशी साधारण 40 मिमी पारा इतका दाब मिळाला नाही, तर पायातले पाणी उतरत नाही आणि वर कितीही महागडे काही बांधले तरी जखम ओलीच राहते. मात्र असा दाब देण्याआधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, तपासावेच लागते. ते 0.8 पेक्षा कमी असेल तर धमन्यांतच अडथळा असण्याची शक्यता असते आणि घट्ट पट्टीने पायाला अपाय होऊ शकतो. शिवाय इतक्या महिन्यांच्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठवला आहे का, हेही विचारावे, कारण जुनाट व्रणात क्वचित कर्करोग निघतो.

आता पुराव्याबद्दल. मधुमेही उंदरांच्या जखमा अशा क्षेत्रात लवकर भरल्याचे प्रयोग आहेत. माणसांबाबत मात्र शिरांच्या व्रणांवरच्या 2015 च्या कॉक्रेन समीक्षेत (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात) केवळ तीन चाचण्या आणि 94 रुग्ण होते आणि फायदा होतो की नाही हे त्यावरून ठरवता आले नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना 2004 पासून या उपचाराचा खर्च देते, पण नेहमीच्या उपचारांनी 30 दिवसांत मोजण्याजोगी सुधारणा झाली नसेल तरच. घरी देखरेखीविना केलेला वापर त्यात बसत नाही. विक्रेते यातला पहिला भाग तेवढा सांगतात.

सायली_७ : मनापासून आभार. जुने कागद काढून पाहिले. शिरांची सोनोग्राफी झाली आहे, पण आपण म्हणता ते गुणोत्तर कुठेच नोंदलेले नाही. एक गोष्ट लिहायची राहिली, आईला तीन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे.

तारयंत्र : मग हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी होकार दिल्याशिवाय ते कडे घरात चालूही करू नका. अशा उपकरणांच्या माहितीपत्रकात पेसमेकर निषिद्ध म्हणून दिलेला असतो. विक्रेत्याने तो विचारलाही नाही, यावरून त्याच्या बाकीच्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते ठरवावे.

मलमपट्टी : सहमत. आधी डॉप्लर करून घ्या. अहवाल ठीक आला आणि एका थराची घट्ट पट्टी आईंना सोसत नसेल, तर कमी दाबापासून सुरुवात करून हळूहळू वाढवता येते किंवा अनेक थरांची पट्टी बांधता येते, आणि ती प्रशिक्षित हातानेच बांधून घ्यावी. दर आठवड्याला ड्रेसिंग काढल्यावर जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचे दोन थर ठेवून वरच्या थरावर पेनाने कड गिरवा, तारीख घाला आणि खालचा थर फेकून द्या. चार आठवड्यांच्या चार आकृत्या एकावर एक ठेवल्या की जखम आकसते आहे की नाही, हे डॉक्टरांनाही एका नजरेत दिसेल.