पायांत उतरलेले रक्त पुन्हा हृदयापर्यंत कसे चढते?

पूर्वभाग_सोलापूर (प्रश्न):
माझे वडील सोलापुरात बावीस वर्षांपासून यंत्रमागावर उभ्याने काम करीत आहेत. पाळी संपवून घरी येतात तेव्हा त्यांचे घोटे सुजलेले असतात आणि पोटरीवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या दिसतात. हृदय रक्त खाली ढकलते हे समजते. पण तेच रक्त पुन्हा सुमारे सव्वा मीटर वर कोण चढवते? उजनीचे पाणी शहरापर्यंत आणायला पंप लागतात, पायात तर पंप नाही.

विज्ञानशिक्षक_निवृत्त:
उजनीचे पाणी शेवटी टाकीत मोकळे पडते, तर रक्ताचा मार्ग बंद वर्तुळासारखा आहे. म्हणून हे उदाहरण येथे पुरते लागू पडत नाही. त्याऐवजी गवंडी पातळी तपासण्यासाठी वापरतात ती पाण्याची नळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूच्या पाण्याला तोलून धरते; तसेच धमनीत खाली उतरणाऱ्या रक्ताचे वजन शिरेत वर जाणाऱ्या रक्ताला तोलते. त्यामुळे हृदयाला प्रामुख्याने घर्षणावर मात करावी लागते. डावा निलय, म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त महाधमनीत सोडतो. तेथे दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. केशिका, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, ओलांडेपर्यंत हृदयाने दिलेल्या दाबापैकी साधारण १५ उरतो आणि परतीला तेवढाही पुरतो.

मग सूज का येते, हा आपला खरा प्रश्न आहे. गवंड्याच्या त्या नळीची भिंत फारशी ताणत नाही, शिरेची मात्र ताणते. स्तब्ध उभे राहिल्यास पावलातील शिरांमधला दाब सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो, शिरा फुगतात, त्यांत रक्त साठते आणि केशिकांतून द्रव आजूबाजूच्या ऊतींत झिरपतो.

फिजिओथेरपिस्ट_सोलापूर:
सरांचे म्हणणे योग्य आहे. परंतु पायात पंप नाही, हे मात्र मला मान्य नाही. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की त्यांच्यामधल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि शिरांतील झडपा रक्ताला केवळ वरच जाऊ देतात. या झडपांचे वर्णन इटलीतील शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचेच शिष्य, इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना झडपांचा आधार घेतला. चालताना पावलाजवळचा तोच ९० चा दाब ३० च्या आसपास उतरतो. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, त्याचीही मदत होते.

मागापुढे उभ्या माणसाची पावले फारशी हलत नाहीत, आणि झडपा एकदा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त मागे घसरून शिरा वेड्यावाकड्या फुगतात. वडिलांनी काम करतानाच अधूनमधून टाचा उचलाव्यात, मधल्या सुट्टीत चालावे आणि रात्री पाय हृदयापेक्षा उंच ठेवावेत. दाबाचे मोजे धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय घालू नयेत. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पूर्वभाग_सोलापूर:
दोघांचेही मनापासून आभार. आज फितीने मोजले तेव्हा उजवी पोटरी डावीपेक्षा थोडी जाड भरली. दुखणे नाही आणि हा फरक जुना आहे असे वडील म्हणतात. तरीही उद्या सकाळी पाळीवर जाण्यापूर्वी त्यांना शल्यचिकित्सकांकडे नेणार आहे.