मदत हवी आहे: लॉगिन न घेता परत येणाऱ्या वाचकांचे गुण कसे जपावेत?

माझ्या लेखांच्या साइटवर भेट दिली की दिवसाला एक गुण, दहा झाले की जादा लेख खुले, इतकी साधी योजना आहे. ईमेल किंवा फोन नंबर मागायचा नाही.

सध्या गुण लोकल स्टोरेजमध्ये (वाचकाच्याच ब्राउझरमधल्या साठ्यात) आहेत, आणि घोळ तिथेच आहे. साइटवर न फिरकता सफारीच्या वापराचे ७ दिवस गेले की स्क्रिप्टने (पानातल्या कोडने) साठवलेलं सगळं पुसलं जातं. पंधरवड्याने नेमाने येणारा वाचक दर वेळी शून्यावर! शिवाय ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडून ३ चे ३०० कुणीही करेल.

म्हणून सर्व्हरने १२८ बिटांचं रँडम टोकन (वाचक ओळखण्यापुरती खूण) सेट-कुकी हेडरमधून, म्हणजे ब्राउझरने जपायच्या कुकीत, द्यायचं ठरतंय: एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला वाचता न येणारी), सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाणारी), सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांसोबत न जाणारी), मुदत १८० दिवस. डेटाबेसमध्ये टोकनचा हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असं रूप), गुण आणि शेवटच्या भेटीची तारीख, बस्स. 'गुण जमा करा' दाबेपर्यंत कुकीच नाही. कॅनव्हास (ब्राउझर चित्र कसं रेखाटतो ते) किंवा फॉन्टवरून फिंगरप्रिंटिंग, म्हणजे उपकरणाच्या खुणांवरून वाचक ओळखणं, तर अजिबात नको. कुकी पुसणाऱ्याने नकार दिलाय, तो पाळायलाच हवा.

अडलंय ते रिकव्हरी कोडपाशी, म्हणजे दुसऱ्या उपकरणावर टाकून आपले गुण परत मिळवायच्या कोडपाशी. फोन आणि लॅपटॉपवरचे गुण कोडने एकत्र करू दिले, तर प्रायव्हेट विंडो (बंद केली की कुकी विसरणारी) दहा वेळा उघडून-मिटून एका दिवसात दहा गुण होतात. बेरजेऐवजी भेटींच्या तारखा जुळवल्या तर एका दिवसाचा एकच गुण धरता येतो, पण मग प्रत्येकाच्या भेटींची नोंदवहीच सर्व्हरवर साठते. दोन्हींपैकी जास्त गुणांचं खातं ठेवून दुसरं रद्द करावं का? की तारखा ठेवून दहा गुण वापरले की लगेच पुसाव्यात? कुणी असं बांधलं असेल तर कृपया सांगा.