फायबर आल्यापासून इंटरकॉमचा बोर्ड लाइन सोडत नाही – बोर्ड बदलावा का?

बागवाली (देवगड)

आमची आंब्याची बाग आहे आणि पॅकिंगही आम्हीच करतो. घर, ऑफिस, पॅकिंगची शेड आणि वर सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, मांगर (बागेतली राखणदारांची खोपी), सगळीकडे इंटरकॉम आहे. ऑफिसच्या भिंतीवर तीन लाइन आणि आठ एक्स्टेन्शनचा (आतल्या फोनांचा) ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी आतल्या फोनना जोडणारा बोर्ड, बाबांनी बसवून घेतलेला. ज्यांनी बसवला ते आता इथे नसतात आणि प्रोग्रामिंगचा कागद कुणाकडेच नाही.

दिवाळीनंतर तांब्याची लाइन काढून फायबर दिला. नंबर तोच राहिला, आणि तो राहायलाच हवा होता, कारण पेट्यांवर तोच छापलेला आहे. गुढीपाडवा झाला की दादर-पार्ल्याची, पुण्याची जुनी गिऱ्हाइकं डायरीतून तो नंबर काढून फोन लावतात. त्यातले बरेचजण सत्तरीच्या पुढचे. त्यांना व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाका म्हणून सांगवत नाही.

आता त्रास असा. समोरच्याने फोन ठेवला तरी आमच्याकडची लाइन सुटत नाही. "ऑफिससाठी एक, पॅकिंगसाठी दोन" एवढं ऐकून कुणी काही न दाबता फोन ठेवला, तर पुढे कितीतरी वेळ आमचा नंबर एंगेज लागतो. तेवढ्या वेळात आलेलं गिऱ्हाईक गेलं. शिवाय फोन करणाऱ्याचा नंबर पूर्वी दिसायचा, तो दिसेनासा झालाय.

तिसरं दुखणं फायबरच्या आधीपासूनचं आहे, पण मला तेच जास्त लागतं. मांगरातून मोबाईलला फोन जात नाही. घरून जातो, ऑफिसातून जातो. मांगरात लाइनसाठी शून्य दाबला आणि पुढचा आकडा दाबला की लगेच टूं टूं. तिथे मोबाईलला रेंज नाही. रात्री राखणीला असलेल्या माणसांना तो एकच फोन आहे.

दुकानदार म्हणाले, बोर्ड गेला, नवा घ्या. खरंच गेलाय का? मोहोर चांगला आलाय, सीझन तोंडावर आहे.

तारजोड (कुडाळ)

ताई, बोर्ड गेलेला नाही. जो बोर्ड आतले सगळे इंटरकॉम वाजवतो, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतो आणि कॉल फिरवतो, तो फेकायचा नसतो. वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत लॉज, पतपेढ्या, दवाखाने, काजूचे कारखाने यांचे बोर्ड मी सांभाळतो. फायबर जोडला की बहुतेक ठिकाणी पहिली तक्रार हीच येते, आणि त्यापायी चांगले बोर्ड भंगारात गेलेले बघून वाईट वाटतं.

समोरच्याने फोन ठेवला हे बोर्डाला आपोआप कळत नाही, त्याला लाइनीवरून खूण मिळावी लागते. एकतर लाइनीचा करंट क्षणभर तुटतो, नाहीतर एंगेज टोन येतो आणि बोर्ड तो ओळखून लाइन सोडतो. आपल्या देशाचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. तांब्याच्या लाइनीवर तो एक्स्चेंजमधून यायचा. आता तो तुमच्या भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, स्वतः तयार करतो. त्याच्या व्हॉइस सेटिंगमध्ये भारताऐवजी दुसरा देश राहिला असेल तर टोनही त्या देशाचा येतो. चीनचा एंगेज टोन ४५० हर्ट्झचा, ०.३५ सेकंद चालू आणि तेवढाच बंद. आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण बोर्ड वेळ मोजत असतो. वेळ जुळली नाही की त्याच्या लेखी समोरचा माणूस अजून बोलतोच आहे.

आधी हे तपासा. बोर्डाची तार ओएनटीतून काढा आणि तिथे साधा फोन थेट लावा. मोबाईलवरून रिंग द्या, फोन उचला, मग मोबाईल कट करा. रिसीव्हर कानाला लावून टोन सुरू झाल्यापासून दहा सेकंदांत किती वेळा टूं होतं ते मोजा. सहा-सात झाले तर टोन आपलाच आहे आणि दोष बोर्डाच्या सेटिंगमध्ये. तेरा-चौदा झाले तर ओएनटीवर देश चुकीचा आहे. टोनच आला नाही, नुसती शांतता राहिली, तर तेही इथे लिहा.

त्याच वेळी साध्या फोनवर नंबर दिसतो का बघा. फोन डिस्प्लेवाला हवा. कॉलर आयडी दोन तऱ्हेने येतो. डीटीएमएफ असेल तर घंटीच्या आधी, एफएसके असेल तर सहसा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत. जुन्या लाइनीवर एक प्रकार होता आणि डबा दुसरा पाठवतोय, एवढंच बहुतेक झालं असणार. प्रत्येक ट्रंकला, म्हणजे बोर्डात येणाऱ्या बाहेरच्या लाइनीला, हा प्रकार निवडायचा असतो. आणि तुमचा रेकॉर्डेड आवाज पहिल्याच घंटीला कॉल उचलत असेल तर एफएसकेचा नंबर यायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या घंटीनंतर उचलायला लावा.

एक विनवणी. कुणीही येऊन "रीसेट करून बघू" म्हणालं तर हात लावू देऊ नका. बाबांच्या वेळचं सगळं प्रोग्रामिंग पुसलं जाईल. आधी प्रत्येक इंटरकॉमवर कुठला नंबर वाजतो, कुठून बाहेर फोन लागतो, रात्री घंटी कुठे जाते हे कागदावर उतरवा आणि तो कागद बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. बोर्डावर मॉडेल नंबर असेल तो सांगा.

खाडीकाठ (गुहागर)

माझं वेगळं मत आहे. आमच्या होमस्टेला मी जुना बोर्ड काढून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क हे बोर्डाचं काम करणारं सॉफ्टवेअर टाकलं. फायबरच्या फोन पोर्टला एफएक्सओ गेटवे (साधी लाइन नेटवर्कला जोडणारा डबा), खोल्यांत नेटवर्कवर चालणारे आयपी फोन, आणि माझ्या मोबाईलवर त्याचंच ॲप. मी चिपळूणला बाजारात असलो तरी होमस्टेचा फोन खिशात वाजतो. कॉलचा आवाज जी-७११ या नेहमीच्या पद्धतीत साधारण ८७ केबीपीएस घेतो, त्यामुळे साध्या वायफायवरही चालतं. प्रोग्रामिंग स्क्रीनवर दिसतं, आकडे दाबून बीप ऐकत बसावं लागत नाही. ताई, एकदाच खर्च करा आणि सुटा.

तारजोड (कुडाळ)

दादा, तुमची मांडणी चांगली आहे आणि होमस्टेला शोभते. पण ताईंचा मांगर सड्यावर आहे. तिथे वायफाय न्यायचं तर खांब, अँटेना, तिथली वीज, सगळं आलं. साध्या इंटरकॉमला दोन तारा पुरतात आणि फोनला लागणारी वीज त्याच तारांतून जाते, मांगरात दिवे गेले तरी फोन चालू. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा विरोध जाऊन-येऊन किलोमीटरला १७० ओहमच्या आसपास, म्हणजे मांगर दोनशे मीटरवर असला तरी ३५ ओहम. बोर्डाला ते काहीच नाही.

नवं करायचंच तर सीझन उरकल्यावर, पाऊस लागल्यावर. आणि करणाऱ्यांनी एसआयपीचं, म्हणजे असे नेटवर्कवरचे कॉल जोडणाऱ्या पद्धतीचं, ५०६० पोर्ट इंटरनेटला उघडं ठेवू नये. पासवर्ड फोडायचा प्रयत्न करणारे रात्रंदिवस फिरत असतात, आयएसडीचं बिल मालकाला येतं.

बागवाली (देवगड)

तारजोडदादा, मोजलं. दहा सेकंदांत चौदा! साध्या फोनवर नंबर दिसतो, पण पहिली घंटी होऊन गेल्यावर. बोर्डावर केएक्स-टीईएस८२४ लिहिलंय आणि ऑफिसच्या टेबलावर त्याचाच बटणांचा मोठा फोन आहे. कागद लिहायला घेतला तेव्हा कळलं की रात्रीची घंटी अजून बाबांच्या खोलीत वाजते. तिथे आता कुणी झोपत नाही.

मांगराचं काय करू?

तारजोड (कुडाळ)

चौदा म्हणजे टोन आपला नाही. फायबर जोडून देणाऱ्या माणसाला बोलवा आणि "ओएनटीच्या व्हॉइस सेटिंगमध्ये देश भारत करा" एवढंच नेमकं सांगा. "फोन नीट चालत नाही" म्हणालात तर तो साधा फोन लावून बघेल, चालतो म्हणेल आणि जाईल. ते होईपर्यंत रेकॉर्डेड आवाजानंतर काही न दाबल्यास कॉल ऑफिसला जाऊ दे, आणि तिथेही उचलला नाही तर ठरावीक सेकंदांनी तुटू दे. ही वेळ बोर्डात कमी करता येते. एंगेज राहणं पुष्कळ कमी होईल.

नंबर घंटीनंतर दिसला म्हणजे एफएसके. त्या ट्रंकचा प्रकार तोच करा. मात्र या बोर्डाला कॉलर आयडीचं कार्ड वेगळं बसवावं लागतं. पूर्वी नंबर दिसायचा म्हणजे ते आत असणारच.

तुमचा बोर्ड माझ्या ओळखीचा. मूळचा तीन-आठ, कार्डं घालून आठ लाइन आणि चोवीस एक्स्टेन्शनपर्यंत वाढतो. टेबलावरचा बटणांचा फोन पहिल्या जॅकला असेल तर त्यावरून प्रोग्रामिंग होतं: प्रोग्रामचं बटण, मग स्टार, हॅश आणि पासवर्ड. कंपनीकडून येताना तो १२३४ असतो. चालला तर काम झाल्यावर आधी तो बदला. बाहेरून आलेल्या कॉलला पुन्हा बाहेरची लाइन घेऊ देणारी सोय चालू असेल तर तीही बंद करा. तुम्हाला तिचा उपयोग नाही, चोराला आहे. आणि लाइन एकच असेल तर उरलेल्या दोन ट्रंक 'जोडलेल्या नाहीत' अशा करून ठेवा, म्हणजे शून्य दाबल्यावर रिकामी लाइन हाती येणार नाही.

आता मांगर. बोर्डात प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग असतो, त्यावरून त्याने कुठे फोन लावायचा हे ठरतं. एसटीडी महाग होती तेव्हा शेतावरच्या, शेडमधल्या फोनला पुढचा शून्य अडवून ठेवायची पद्धत होती. बाबांनीही तेच करून घेतलं असणार, आणि तेव्हा ते बरोबरच होतं, कारण आपल्या भागातले मोबाईल शून्याशिवाय लागायचे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाईल लावायचा तर आधी शून्य सक्तीचा झाला. त्या दिवसापासून मांगराचा दरवाजा बंद. फोन, तार, बोर्ड सगळं ठीक आहे, नियम बदलला.

तेव्हा मांगराच्या वर्गातून '०' काढा आणि तिथे '००' अडवा, म्हणजे फक्त परदेश बंद राहील. मोबाईल चालू आणि एसटीडी बंद असं पहिल्या आकड्यांवरून नीट जमत नाही. मोबाईल ६, ७, ८, ९ ने सुरू होतात, आणि नागपूर ०७१२, गोवा ०८३२. प्लॅनमध्ये देशभर बोलणं मोफत असेल तर एसटीडी अडवून आता मिळतंय तरी काय? माणसांना सांगा: पहिला शून्य लाइनसाठी, दुसरा मोबाईलसाठी, मग दहा आकडे. ११२ आणि १०८ कुठल्याच वर्गात अडवू नका. मांगरात फोनशेजारी खडूने ठळक लिहून ठेवा, रात्री साप निघाला तर आठवत बसायला नको.

एक राहिलं. मांगराकडे जाणारी तार झाडांवरून गेली असेल तर दोन्ही टोकांना गॅस ट्यूबचे संरक्षक (विजेचा झटका अर्थिंगमध्ये सोडणारे) बसवा आणि बोर्डाचं अर्थिंग बघून घ्या. वैशाखात वळवाच्या विजा आपल्या सड्यांवर कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि विरोध वाढतो. कोळसा-मीठ घालून खड्डा ओला ठेवा, आणि बोर्डाचं अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगला जोडलेलं असू दे. खाऱ्या वाऱ्याने जोड हिरवे पडतात, म्हणून तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नका. जेली भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, तेच वापरा.

किल्ल्यासमोर (मालवण)

ताईंनू, माका पण ह्योच लाइन न सुटण्याचो त्रास होतो, देश बदलल्यार गेलो. पण एक सांगतंय. तांब्याच्या लाइनीत वीज एक्स्चेंजमधून येत होती, लाइट गेली तरी फोन चालू राहायचो. आता ओएनटी तुमच्या घरच्या विजेवर. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, आमच्याकडे लाइट गेली आणि फायबर धड असून फोन मेलेलो. ओएनटीक १२ व्होल्टची छोटी बॅटरीवाली यूपीएस लावा, आणि बोर्डाक वेगळी.

तारजोड (कुडाळ)

अगदी बरोबर. त्यात भर एवढीच: अशा बोर्डांत वीज गेल्यावर बाहेरची लाइन एका ठरावीक इंटरकॉमला थेट जोडली जाते. ओएनटी बॅटरीवर जिवंत असेल तरच त्याचा उपयोग. तो इंटरकॉम कुठला ते फक्त बोर्डाची वीज बंद करून आजच बघा, कागदावर लिहा, आणि तिथे साधा फोन ठेवा.

बागवाली (देवगड)

फायबरवाले येऊन गेले. "देश भारत करा" म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. आता दहा सेकंदांत सहा-सात ऐकू येतात आणि फोन ठेवला की लाइन सुटते. १२३४ चालला, बदलला. नंबर दिसायला लागला. शेडमध्ये दिसत नाही, पण तिथला फोन बिनडिस्प्लेचा आहे.

मांगरातून काल संध्याकाळी राखणदारांनी आपल्या घरी मोबाईलवर फोन लावला. ११२ आणि १०८ त्यांच्यासमोरच भिंतीवर लिहिले. संरक्षक कणकवलीहून मागवलेत, अर्थिंगचा खड्डा रविवारी उकरणार. वीज गेल्यावर लाइन स्वयंपाकघरातल्या फोनवर येते.

एकच विचारायचं राहिलं. रात्रीची घंटी बाबांच्या खोलीतून काढून माझ्याकडे आणि शेडमध्ये दोन्हीकडे वाजवता येईल का? एप्रिलमध्ये गाडी भरायचं काम रात्री अकरापर्यंत चालतं.

तारजोड (कुडाळ)

येईल. रात्रीच्या मोडमध्ये ट्रंकची घंटी हव्या तितक्या एक्स्टेन्शनना लावता येते, दिवसाची वेगळी राहते. तुमची आणि शेडची, दोन्ही चालू करा. बाबांच्या खोलीतली बंद केली तरी तो इंटरकॉम आतल्या आत चालतच राहील. मोड आपोआप बदलायची वेळ बोर्डाच्या घड्याळावर असते, म्हणून आधी घड्याळ बरोबर आहे का बघा. वीज बराच काळ गेली की ते मागे पडलेलं असतं.