प्रतिसाद: विरोध सोसताना राखायचा सौजन्यभाव

मासेमारीबंदीच्या काळात होड्या समुद्रात सोडण्यास मच्छीमार सोसायटीच्या सभेत एकट्याने विरोध करणारा सभासद कठोर झाल्याशिवाय त्याचा खरेपणा टिकणार नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला मान्य नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा ज्या गावाच्या भल्यासाठी त्यांनी पूर्वी मुरूड फंड सुरू केला होता, त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावातल्या घरच्या माणसांनाही सोसावी लागली. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तत्त्वाची किंमत अनेकदा तत्त्व न निवडलेली माणसेही मोजतात. तरीही कर्व्यांनी आपला निर्णय मागे घेतला नाही. समाजाशी भांडत बसण्याऐवजी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि त्यासाठी वर्गणी मागत ते त्याच समाजात फिरले. म्हणून त्या सभासदाने आपला विरोध इतिवृत्तात स्पष्ट नोंदवावा. मात्र लेखी तक्रार करण्यापूर्वी संबंधित होडीमालकाच्या घरी जाऊन, त्याच्यावरील कर्जाची व खलाशांना आगाऊ दिलेल्या उचलीची अडचण नीट ऐकून घेऊन, आपण तक्रार करणार आहोत हे त्याला समोरासमोर सांगावे.